पाऊस कमी, तरी माती का वाहते? कोरडवाहू पट्ट्यातील धूप, गवत आणि बदलते हवामान

बेळगाव जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिम टोकाला खानापूर तालुका. तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला अथणीत मात्र तो सहाशेच्या आतबाहेर अडखळतो. साधा हिशेब लावला तर मातीची काळजी खानापुराने करावी. अथणी, जत, सांगोला, मंगळवेढा, इंडी, अक्कलकोट या कोरड्या पट्ट्याला ती नको. पण या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची तक्रार दुहेरी असते. पाऊस पुरत नाही, आणि जो पडतो तो माती घेऊन जातो.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वर्षभरात एकूण पाऊस किती झाला, एवढ्यावरून माती किती वाहणार ते ठरत नाही. पाऊस कोसळतो त्या तासाला जमिनीच्या अंगावर काय आहे, हे जास्त महत्त्वाचे. गवत आहे, पीक आहे, पालापाचोळा आहे की काहीच नाही? हवामान बदलामुळे कोरडवाहू जमिनीचे काय होणार, हेही याच प्रश्नातून समजून घ्यावे लागते.

थेंब पडतो तेव्हा

पावसाचा मोठा, पाच मिलिमीटर जाडीचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर असतो, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या वर. ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात आणि तेच कण मातीची छिद्रे बुजवतात. वर पातळ पापुद्रा धरतो. पाणी मुरायचे थांबते आणि पळू लागते. सुरुवातीला ते पातळ थराने सगळ्या शेतावरून सरकते आणि सारखी साल काढत जाते; कृषी खात्याच्या भाषेत ही ‘सालकाढी धूप’. पुढे पाणी एकत्र येऊन ओघळ पाडते, ओघळीची घळ होते. डोळ्याला घळ दिसते, पण नुकसानीची सुरुवात त्याआधी कितीतरी वर्षे सालीपासून झालेली असते.

गवत इथे तीन-चार कामे एकदम करते. पाते थेंबाचा मार स्वतःवर घेते. बुडखा वाहत्या पाण्याला अडखळवतो. मुळे कण धरून ठेवतात आणि मुळांनी, गांडुळांनी केलेल्या वाटांतून पाणी आत उतरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची खरडण्याची ताकद चौपट होते, हे लक्षात घेतले तर माळावरच्या कुसळीच्या साध्या बुडख्याचे मोल कळते. जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा काडीकचऱ्याने झाकलेला असला तरी धूप निम्म्याहून कमी होते, असे निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. सगळी जमीन हिरवीगार असण्याची गरज नाही. पहिले थोडेसे आच्छादनच सर्वात जास्त उपयोगी पडते.

‘झाडे लावली की धूप थांबली’ हे वाक्य मात्र अर्धेच खरे आहे. आठ-नऊ मीटर उंचीच्या पानावरून गळणारा थेंब खाली येईपर्यंत जवळजवळ पुन्हा पूर्ण वेग पकडतो. सागासारख्या रुंद पानांच्या झाडाखाली तर पाणी पानावर गोळा होऊन आणखी मोठ्या थेंबांनी पडते. खाली पाचोळा आणि गवत असेल तर काही बिघडत नाही. पाचोळा झाडून नेला किंवा जाळला, तर हिरव्या झाडाखालची माती उघड्या माळासारखीच उडते. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात रोपांची संख्या मोजली जाते. त्या रोपांखाली जमीन झाकली गेली का, हे क्वचितच कोणी बघते.

सव्वा मिलिमीटरचा हिशेब

भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.३५ टन माती जागची हलते, असा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडला. आजही बहुतेक ठिकाणी हाच आकडा दिला जातो. ऐकायला तो अवाढव्य वाटतो, शेतात उभे राहून मात्र दिसत नाही. एका हेक्टरवरचा एक मिलिमीटरचा थर म्हणजे दहा घनमीटर, साधारण तेरा टन माती. सोळा टन गेली तरी शेताची पातळी उतरते ती सव्वा मिलिमीटरने. वीस वर्षांत अडीच सेंटिमीटर.

खोल काळ्या रानात हे पिढीभर कळत नाही. पण माळाच्या कडेला ज्याची जमीन वीतभरच खोल आणि खाली मुरूम, त्याचा दहाव्या हिश्श्याहून जास्त भाग तेवढ्यात गेलेला असतो. शिवाय जाते ती वरची, शेणखत खाल्लेली, ओल धरणारी माती. कोरडवाहू शेतात माती हीच पाण्याची टाकी असते. ती जितकी उथळ होईल, तितका पुढच्या पावसातला खंड लवकर जाणवतो. पीक लवकर सुकते, धाटे खुरटतात, जमीन आणखी उघडी पडते. पुढच्या पावसाला मग अडवायला कोणी नसते.

ना धड ओले, ना धड कोरडे

अमेरिकेतील लँगबाइन आणि शुम या दोघांनी १९५८ मध्ये तिथल्या अनेक पाणलोटांतला गाळ मोजून एक आलेख काढला. अगदी वाळवंटी भागात गाळ कमी, कारण वाहायला पाणीच नाही. भरपूर पावसाच्या भागातही कमी, कारण जमीन गवताने-जंगलाने झाकलेली. सर्वात जास्त गाळ निघाला तो मधल्या प्रदेशांतून. तिथे माती वाहून नेण्याइतका पाऊस पडतो, पण वर्षभर जमीन झाकून ठेवण्याइतका पडत नाही. त्यांच्या हिशेबात हे टोक वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पावसापाशी येत होते. ते तिथल्या थंड हवेचे गणित. उन्हात पाणी जास्त उडते, म्हणून उष्ण प्रदेशात हेच टोक जास्त पावसाकडे सरकते.

पुढे जगभरची आकडेवारी जमा झाली तेव्हा चित्र इतके सरळ नाही, हेही दिसले. डोंगर, उतार, मातीचा प्रकार आणि माणसाची नांगरट यांनी ही कमान ठिकठिकाणी मोडते. तरीही ‘ना धड ओले, ना धड कोरडे’ असा प्रदेश सर्वात नाजूक, ही मूळ कल्पना दख्खनच्या पठाराला चपखल बसते. आणि इथे तर शेतीच्या पद्धतीनेच जमीन ऐन पावसात उघडी ठेवली जाते.

रब्बीचा पट्टा आणि मोकळे रान

सोलापूर-विजापूर भागात पावसाचे दोन जोर असतात. एक मे-जूनमधला वळवाचा आणि मृगाचा, दुसरा सप्टेंबरातला, उत्तरा-हस्ताचा. सोलापुरात तर वर्षातला सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. भारी काळ्या रानात मालदांडी ज्वारी, हरभरा, करडई घ्यायची ती रब्बीत, साठवलेल्या ओलीवर. त्यासाठी पावसाळाभर रान मोकळे ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचे, भेगा बुजवायच्या, आणि वाफसा आला की सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात पेरायचे. म्हणजे वळीव येतो तेव्हा रान नांगरून तापत पडलेले, आणि हस्त कोसळतो तेव्हा कुळवून भुसभुशीत केलेले. दोन्ही वेळा अंगावर एक पान नाही.

त्यात काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. कोरडी असताना तिच्या भेगांतून पाणी गटागटा आत जाते. एकदा चिकणमाती फुगली की भेगा मिटतात आणि वरचे पाणी आत जायला तयार नसते. अशा वेळी दोन टक्के उतारही पाणी पळवायला पुरतो.

शेतकरी हे अज्ञानापोटी करत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात, तोही बेभरवशाचा, खरिपाचे पीक घेतले आणि ते रब्बीची ओल पिऊन गेले तर दोन्ही हातचे जाते. मोकळे रान हा शेकडो वर्षांचा विमा आहे. फक्त त्याचा हप्ता मातीत भरावा लागतो.

हा हप्ता केवढा, याचे एक चांगले मोजमाप हैदराबादजवळ पाटणचेरूला झाले आहे. तिथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीचे दोन पाणलोट शेजारी शेजारी ठेवले. एकात जुनी पद्धत, पावसाळ्यात मोकळे रान आणि मग रब्बी पीक. दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी काढून पावसाळ्यातच ज्वारी-तुरीसारखे पीक, जोडीला खत. माती तीच, पाऊस तोच. जुन्या पद्धतीत हेक्टरी वर्षाला सरासरी साडेसहा टनांच्या आसपास माती गेली, दुसरीकडे सुमारे दीड टन. धान्य एकीकडे हेक्टरी टनभर, दुसरीकडे पाच टनांच्या घरात. मात्र पाटणचेरूचा पाऊस विजापूरपेक्षा बराच जास्त आणि भरवशाचा आहे. त्यामुळे तो प्रयोग इंडी-जतला जसाच्या तसा उचलून लावता येणार नाही. पण पावसात रान झाकलेले असले की काय फरक पडतो, हे त्यातून स्वच्छ दिसते.

जुन्या पिकांच्या जोडणीत ही अक्कल होतीच. हलक्या रानात बाजरीत मटकी किंवा हुलगा टाकायची रीत केवळ उसळीसाठी नव्हती. बाजरी उभी वाढते, मटकी जमिनीवर पसरते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सरींमधली माती झाकून टाकते. आता सलग तूर किंवा द्राक्षाची बाग आली. तुरीच्या ओळी लांब आणि पहिले दोन महिने तिची वाढ सावकाश. द्राक्षाच्या ओळींमधली जमीन तर मुद्दाम स्वच्छ ठेवतात. शिवाय ट्रॅक्टरला लांब तास सोयीचा पडतो, म्हणून मधले बांध मोडले जातात आणि नांगर उताराला आडवा चालण्याऐवजी उभा चालतो.

हवामान बदल: पाऊस तेवढाच, तऱ्हा वेगळी

हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस नसताना ती जमिनीतून जास्त ओल ओढते आणि पडायला लागला की एकदम ओतते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असेही त्यात नोंदवले आहे. मधले कोरडे खंडही वाढत आहेत.

मातीच्या दृष्टीने ही जोडी वाईट. लांब खंडात पीक आणि गवत विरळ होते, आणि त्यानंतरचा तडाखा त्या विरळ जमिनीवर पडतो. २०२० चा ऑक्टोबर अनेकांना आठवत असेल. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आला, हैदराबादला बुडवून गुलबर्गा, विजापूर, सोलापूरकडे सरकला आणि भीमेला महापूर आला. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते ते. नुकतीच कुळवलेली राने अंगावर पीक नसताना त्या पावसाखाली सापडली.

गवताचे गणितही बदलते. पवना, मारवेल, शेडा ही बहुवार्षिक गवते दुष्काळात वरून वाळली तरी बुडख्यात जीव धरून असतात आणि पहिल्या पावसाला फुटतात. सलग दुष्काळ आणि त्यात चराई झाली की ती मरतात, आणि जागा घेते ती कुसळीसारखी हलकी गवते, नाहीतर एका पावसाळ्याची. एकसाली गवत दिवाळीनंतर वाळते आणि मे महिन्यात, नेमके वळवाच्या तोंडावर, माळ उघडा असतो. सारा दोष मेंढरांवर टाकून मोकळे होण्याची पद्धत आहे. पण फिरस्ता कळप एका माळावर थोडे दिवस थांबून पुढे जातो आणि शेतात बसवला तर खतही देतो. गायरान आक्रसल्यामुळे तीच जनावरे त्याच तुकड्यावर वर्षभर राहतात, हा प्रश्न मोठा आहे.

आणखी एक बाजू आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडे कमी पाण्यात तग धरू शकतात, आणि उपग्रहांतून जगातले अनेक कोरडे प्रदेश पूर्वीपेक्षा हिरवे दिसू लागले आहेत. ही चांगली बातमी जपूनच घ्यावी. आपल्याकडच्या माळांवर हिरवे दिसते त्यात वेडी बाभूळ पुष्कळ आहे. सीमेपलीकडे तिला ‘बळ्ळारी जाली’ म्हणतात. दाट झाली की ती गवताला खाली जागा ठेवत नाही. उपग्रहाला हिरवे दिसते, थेंबाला माती दिसते.

चंबळ आणि मही: घळीचे पुढचे रूप

ओघळीकडे दुर्लक्ष झाले तर ती कुठवर जाते, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. मुरैना, भिंड, श्योपूरमधली चंबळची बीहडे आणि बडोद्याजवळची महीकाठची कोतरे खोल गाळाच्या मातीत कोरली गेली आहेत. दख्खनमध्ये हात-दोन हातांवर मुरूम लागतो आणि घळ थांबते. तिथे पुरुषानुपुरुष खोल मातीच. देशातले बीहडाचे क्षेत्र ३५ ते ४० लाख हेक्टरांच्या दरम्यान धरले जाते. ही बीहडे केवळ जंगलतोडीने झाली असे म्हणता येत नाही. नदीची पातळी, जमिनीचे उचलले जाणे आणि हजारो वर्षांतले मोसमी पावसाचे चढउतार यांचाही त्यात वाटा आहे. झाडझाडोरा गेल्याने ती पसरत राहिली, इतके मात्र खरे.

चंबळमध्ये १९८० च्या दशकात विमानातून वेड्या बाभळीचे बी टाकले गेले. अलीकडे तिथे यंत्रे लावून बीहडे सपाट करून शेती करण्याचा जोर आहे. सपाट केलेली मोकळी माती दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा ओघळू लागते, कारण वरचे पाणी कुठून उतरणार याची सोय केलेली नसते. महीकाठी वासद येथे १९५५ पासून मृदसंधारणाचे केंद्रीय संशोधन केंद्र आहे. तिथली वाट वेगळी: घळीच्या वर बांध घालून पाणी वळवायचे, काठावर गवत, आणि तळात बांबू. बांबूची बेटे गाळ अडवतात आणि उत्पन्नही देतात.

बांधांचा धडा

कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय अभ्यास या पट्ट्यात जुना आहे. १९३३ नंतर देशात पाच ठिकाणी संशोधन केंद्रे निघाली. सोलापूर आणि विजापूर मुंबई इलाख्यात, रायचूर निजामाच्या राज्यात, हगरी मद्रास इलाख्यात आणि रोहतक पंजाबात. पाचातली चार या पठारावरची. पुढे १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि दुष्काळी कामांतून समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर पडले. बेळगाव, विजापूर, धारवाड तेव्हा मुंबईतच असल्याने ही कामे आजच्या दोन्ही राज्यांत सारखीच दिसतात.

हलक्या जमिनीत हे बांध टिकले. भारी काळ्या जमिनीत फसले. बांधामागे पाणी आठ-आठ दिवस साचायचे, पीक पिवळे पडायचे. उन्हाळ्यात बांधालाच भेगा जायच्या आणि पहिल्या मोठ्या पावसात तो फुटायचा. फुटलेल्या बांधातून सुटलेला लोंढा साध्या ओघळीपेक्षा वाईट. शेतकऱ्यांनी बांध कापले तेव्हा त्यांना अडाणी ठरवले गेले. नंतर शास्त्रानेच काळ्या जमिनीसाठी ढाळीचे बांध आणि गवती पाणवाटा सुचवल्या: पाणी कोंडायचे नाही, हळू चालवत बाहेर काढायचे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चर आणि बांधांच्या जोडीला चराईबंदी केली, गवत कापून न्यायचे पण जनावर सोडायचे नाही, असा नियम गावाने पाळला. चर खणण्याचे फोटो सगळीकडे छापून आले. चराईबंदीची चर्चा त्यामानाने कमी झाली.

माती जाते कुठे

बीड, धाराशिव, लातूर, बिदरमधून वाहणाऱ्या मांजरेवर निजामसागर धरण १९३१ मध्ये पुरे झाले. तेव्हाची क्षमता सुमारे २९.७ टीएमसी. चाळीसेक वर्षांत गाळाने ती निम्म्याहून खाली आली आणि पुढे उंची वाढवून थोडी परत मिळवावी लागली. तुंगभद्रा धरणाची मूळ १३३ टीएमसीच्या आसपासची क्षमता आता १०५ टीएमसीवर आली आहे, आणि त्या पाण्यावर तीन राज्ये भांडतात. मराठवाड्यातल्या रानाची साल तेलंगणातल्या कालव्याचे पाणी कमी करते. कोणत्याच लवादापुढे हा मुद्दा त्या भाषेत येत नाही.

सरकारी नोंदीतही हीच अडचण. अतिवृष्टीनंतर ‘खरडून गेलेली जमीन’ आणि ‘गाळ साचलेली जमीन’ यांचे पंचनामे होतात, मदत मिळते. गाळासाठी थर तीन इंचांहून जाड असावा लागतो. दरवर्षी सव्वा मिलिमीटर साल गेलेल्या शेताचा पंचनामा होत नाही. ती ओळखायची तर शेतातच खुणा बघाव्या लागतात. पावसानंतर बारीक खडे मातीच्या छोट्या खांबांवर उभे राहिल्यासारखे दिसतात, कारण खड्याखालची माती वाचलेली असते. बांधावरच्या बोरी-बाभळीची मुळे उघडी पडतात. बांधाच्या वरच्या अंगाला माती चढते आणि खालचे अंग खोल जाते. शेताच्या खालच्या कोपऱ्यात पायाला मऊ लागणारी, चाळल्यासारखी बारीक माती साचते, आणि वरच्या कोपऱ्यात नांगराच्या फाळाला पूर्वी न लागणारा मुरूम लागू लागतो.